बाळाचं डोकं एका बाजूने चपटं होतंय? आधी मान तपासा

सव्यसाची

बाळाच्या डोक्याच्या आकारावरची प्रत्येक चर्चा शेवटी डोक्याला आकार देणारी उशी आणि हेल्मेट यांवर येऊन अडकते. मधली पायरी फिजिओथेरपीची. तिच्यावर नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

डोकं चपटं होतं ते एकाच जागी टेकत राहिल्यामुळे. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंमी आणि मग वर्षापर्यंत अर्धा सेंमी. एवढ्या झपाट्याने वाढणारं डोकं जिकडे मोकळीक असते तिकडे वाढतं, टेकलेल्या बाजूला अडतं. जमिनीवर टेकून वाढलेला भोपळा खालून सपाट होतो, तसाच प्रकार. पण ज्या वाढीमुळे डोकं चपटं होतं तिच्यामुळेच ते पुन्हा भरूनही येतं, फक्त टेकणारी जागा बदलली पाहिजे. आणि ही वाढ पहिल्या सहा महिन्यांत भरपूर असते, पुढे आटते. घाई करायची ती एवढ्यासाठीच.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२मध्ये बाळांना पालथं न झोपवता उताणं किंवा कुशीवर झोपवायचा सल्ला दिला, १९९४पासून उताणं झोपवण्याची मोठी मोहीम झाली. झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याच्या आसपास आले आणि चपटी डोकी वाढली. म्हणून उताणं झोपवणं सोडायचं का? अजिबात नाही. झोप उताणीच, सपाट आणि घट्ट गादीवर. बदल करायचा तो जागेपणीच्या वेळेत.

आता मान. कानामागच्या हाडापासून गळपट्टीच्या आणि छातीच्या हाडापर्यंत एक तिरका स्नायू जातो, स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. पुढे नुसतं एससीएम म्हणतो. समजा उजवा एससीएम आखूड आहे. तो उजवा कान उजव्या खांद्याकडे ओढतो आणि हनुवटी डावीकडे फिरवतो. बाळ सतत डावीकडे बघत झोपतं आणि डोक्याची मागची डावी बाजू चपटी होते. म्हणजे आखडलेला स्नायू एका बाजूला, चपटेपणा दुसऱ्या बाजूला. इथे भलेभले गोंधळतात आणि व्यायाम उलट्या बाजूला करत बसतात. मान अशी आखडण्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. प्रत्येक चपट्या डोक्यामागे तो असतोच असं नाही, काही बाळांना नुसतीच एका बाजूला बघायची सवय असते. पण तपासायचं सगळ्यांमध्ये.

रातकिडा

घरी कळतं का मान आखडलीये की नुसती सवय आहे?

सव्यसाची

अंदाज येतो. बाळ जागं, पोट भरलेलं, खुशीत असताना उताणं ठेवा. खांदे हलके धरून खुळखुळा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्या. बाळ नजरेने आणि मानेने मागे येतं का, कुठे थांबतं ते बघा. मान पूर्ण वळली की हनुवटी खांद्याच्या रेषेच्या थोडी पलीकडे जाते. तान्ह्या बाळाची मान दुसऱ्याने वळवल्यास दोन्ही बाजूंना शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत वळायला हवी. एका बाजूला सहज जाते आणि दुसऱ्या बाजूला मधेच अडते, किंवा मानेऐवजी अख्खं अंगच वळतं, तर मान आखडलेली असण्याची शक्यता मोठी.

आणखी खुणा: गळ्याच्या एका बाजूची घडी जास्त खोल आणि लाल, दूध पिताना एकाच बाजूला नीट लागणं, फोटोंत डोकं नेहमी एकीकडे कललेलं. काही बाळांच्या एससीएममध्ये पहिल्या काही आठवड्यांत सुपारीएवढी टणक गाठ लागते. ती बहुतेकदा काही महिन्यांत विरघळते, पण डॉक्टरांना दाखवायचीच, आणि तिच्यावर चोळायचं नाही.

कुंदकळी

थोडी भर. टॉर्टिकॉलिस असलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसलेला असण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून डॉक्टर मानेबरोबर खुबेही तपासतात. ते राहिलं असेल तर आवर्जून विचारा.

आणि ताणाचे व्यायाम सुरू करण्याआधी हे वगळलेलं हवं: मानेच्या मणक्यांची जन्मजात रचना वेगळी असणं, डोळ्याच्या स्नायूचा दोष (त्यातही बाळ मान कलती ठेवतं, कारण तसं नीट दिसतं) आणि दूध वर येण्याच्या त्रासातून पाठ-मान वाकडी करणं. हे वरून टॉर्टिकॉलिससारखंच दिसतं, पण स्नायू ताणून यातलं काहीच सुधारत नाही. मणक्यात दोष असेल तर ताण धोक्याचा. डाउन सिंड्रोम असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मानेला हात लावायचा नाही.

सव्यसाची

+१. आता व्यायाम. खालचं सगळं उजवा एससीएम आखूड आहे असं धरून लिहिलंय. डावा असेल तर सगळं उलटं. पहिल्यांदा फिजिओने समोर करून दाखवावं, मग तुमच्या हातून करून घ्यावं. वाचून किंवा व्हिडिओ बघून सुरुवात करू नये, कारण जोर किती लावायचा हे हातालाच कळतं.

वळवण्याचा ताण: बाळ उताणं. एक तळहात बाळाच्या डाव्या खांद्यावर आणि छातीवर, दुसरा डोक्याखाली, बोटं कानामागे, कानावर नाहीत. डोकं हळूहळू उजवीकडे वळवा. डावा खांदा धरायचा, कारण मान उजवीकडे जाताना अंग उजवीकडे लोळतं आणि डावा खांदा उचलला जातो. नाकाची पातळी राखा. अडलं की बाळ हनुवटी वर करून पळवाट काढतं आणि आपल्याला वाटतं मान वळली.

कलवण्याचा ताण: इथे धरायचा उजवा खांदा. तो खाली दाबून ठेवायचा नाही, वर येऊ द्यायचा नाही एवढंच. डोकं मधोमध, मग डावा कान डाव्या खांद्याकडे. चेहरा छताकडेच राहिला पाहिजे, सोबत वळला तर ताण निसटतो.

दोन्हींत १० ते ३० सेकंद धरायचं, ३ ते ५ वेळा. दिवसातून एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा दर डायपर बदलताना दोन मिनिटं केलेलं जास्त लागू पडतं. बाळ प्रतिकार करायला लागलं, रडायला लागलं की थांबा. प्रतिकार करणारं बाळ तोच स्नायू आवळतं, म्हणजे तुम्ही त्याच्याशी रस्सीखेच खेळताय. श्वास, रंग बदलला तर तत्काळ सोडा. क्वचित ताणताना स्नायू अचानक 'सुटल्या'सारखा लागतो आणि नंतर तिथे निळसर डाग दिसतो. असं झालं तर व्यायाम बंद, फिजिओला त्याच दिवशी कळवा.

उचलून घ्यायची पद्धत: बाळाची पाठ आपल्या छातीला, तोंड बाहेर, उजवी कूस खाली, डोकं आपल्या उजव्या हाताकडे. आपला उजवा हात बाळाचा उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या मधून जातो, डावा हात दोन्ही पायांमधून येऊन पोटाला आधार देतो. घरात फिरता फिरता ताण होतो आणि बाळाला समोरचं दिसत असल्यामुळे ते कुरकुरत नाही. हाताने द्यायच्या ताणापेक्षा मला हे जास्त आवडतं, निदान तीन महिन्यांनंतर. तोवर बाळाला अंगात जोर आलेला असतो आणि उताणं ठेवून ताण द्यायला ते सहजी तयार होत नाही.

अनुस्वार

नुसता ताण देऊन अर्धंच काम होतं. दुसऱ्या बाजूचा स्नायू दुबळा पडलेला असतो, त्याला कामाला लावलं नाही तर मान पुन्हा जुन्या जागी येते.

बाळ मान धरायला लागलं की त्याच्या काखांखाली धरून समोर उभं धरा आणि हळूच बाळाच्या उजवीकडे कलवा. डोकं सरळ ठेवण्यासाठी ते डावीकडे उचलावं लागतं, म्हणजे डावा स्नायू काम करतो. सुरुवातीला १५-२० अंशच. डोकं लटकलं तर कोन कमी करा. तीन-पाच सेकंद धरून परत सरळ, पाच-सहा वेळा. आरशासमोर केलं तर डोकं उचललं जातंय की आपल्या हातावर टेकलंय ते दिसतं.

रातकिडा

दूध पाजताना आणि झोपवताना कुठली बाजू? आणि कॉट भिंतीला लावलेली असते, त्याचं काय?

अनुस्वार

कॉट हाच खरा गुन्हेगार असतो बरेचदा. बाळ भिंतीकडे बघत नाही, दाराकडे, उजेडाकडे, माणसांकडे बघतं. सव्यसाचींचं उदाहरण पुढे नेतो: बाळाला उजवीकडे वळवायचंय, तर दार आणि माणसं बाळाच्या उजव्या हाताला यायला हवीत. कॉट हलवता येत नसेल तर बाळाचं डोकं जिकडे होतं तिकडे पाय करा. फुकटचा इलाज आहे आणि रोज रात्री आठ-दहा तास चालतो. गाढ झोप लागल्यावर डोकं अलगद उजवीकडे वळवून ठेवता येतं. पाच मिनिटांत परत फिरलं तरी नाद सोडू नका. मात्र वळलेलं राहावं म्हणून मागे गुंडाळी, टेकू, पाचर काही लावायचं नाही.

बाटलीने पाजत असाल तर बाळाला आपल्या डाव्या हातावर घ्या. तेव्हा बाळाची उजवी बाजू आपल्या अंगाला लागते आणि चेहऱ्याकडे बघायला त्याला उजवीकडे वळावं लागतं. उजव्या हाताने काम करणारे बहुतेक लोक डाव्या हातावरच घेतात, त्यामुळे उजवी मान आखडलेल्यांना हे आपसूक जमतं. डावी आखडली असेल तर हात बदलायचा, जो सगळ्यांना पहिले काही दिवस अवघड जातो. डायपर बदलताना बाळाच्या पायांशी उभे राहा, बाजूला नको, म्हणजे चेहरा मधे राहतो.

आणि कार सीट, बाउन्सर, झुलती खुर्ची: प्रवास संपला की बाळ बाहेर. या सगळ्यांत डोक्याचा मागचा भाग टेकलेलाच असतो आणि दिवसभराची बेरीज केली तर आकडा बघून धक्का बसेल.

गोगलगाय

पालथं घातलं की तीस सेकंदांत भोंगा सुरू. 'जागेपणी दिवसाला अर्धा तास पालथं घाला' असं सगळीकडे वाचते, पण व्हायचं कसं?

कुंदकळी

अर्धा तास सलग नाही, बेरजेने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांमध्येही दिवसभरात विभागून किमान ३० मिनिटं असंच आहे. सुरुवात १-१ मिनिटाची, दिवसातून आठ-दहा वेळा.

रडण्याची कारणं बहुधा तीन. पहिलं, पोट भरल्या भरल्या घातलं: पाजल्यावर २०-३० मिनिटं जाऊ द्या. दुसरं, एकदम थपकन पालथं केलं: आधी कुशीवर वळवा, दोन क्षण थांबा, मग पालथं, आणि दर वेळी बाजू बदलून. तिसरं आणि सगळ्यांत जास्त, हात अडकलेले. पालथं बाळ नीट बघा. कोपरं खांद्यांच्या मागे, छातीखाली दबलेली असतील तर डोकं उचलायला टेकूच नाही, नाक गादीत जाणार आणि ते रडणारच. टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी छातीखाली, काखांच्या रेषेत ठेवा, हात तिच्यावरून पुढे काढा, कोपरं खांद्यांच्या जरा पुढे. कुल्ल्यांवर आपला तळहात हलका ठेवला की वजन मागे जातं आणि डोकं चटकन वर येतं. गुंडाळी पोटाखाली सरकली तर उलटा परिणाम होतो, बाळ नाकावर झुकतं.

तरीही जमत नसेल तर स्वतः पाठीला उशा लावून साधारण ४५ अंशांत रेला आणि बाळाला छातीवर पालथं घ्या. जितकं आडवं व्हाल तितकं त्याला कठीण. आठवड्याला थोडं थोडं खाली या.

उजवी मान आखडलेलं बाळ पालथं असतानाही गाल टेकवून डावीकडेच बघणार. तुमचा चेहरा उजवीकडे आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा, वर नाही. डोळा लागला की लगेच उताणं. पालथं फक्त जागेपणी आणि नजरेसमोर.

गोगलगाय

कोपरं! खरंच मागे जातात. बघते.

मोजपट्टी

सुधारतंय की नाही हे डोळ्यांनी रोज बघून कळत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच. दर दोन आठवड्यांनी वरून एक फोटो घ्या. केस ओले करून चापून बसवा किंवा पातळ घट्ट टोपी घाला. बाळ कोणाच्या तरी मांडीवर बसलेलं, कॅमेरा टाळूच्या बरोबर वर, नाक बाराच्या काट्यावर. कॅमेरा चार बोटं इकडेतिकडे झाला तरी चांगलं डोकं वाकडं दिसतं. प्रत्येक वेळी तीन-चार फोटो काढून नाक आणि दोन्ही कान नीट दिसणारा ठेवा.

फिजिओ किंवा ऑर्थोटिस्ट (हेल्मेट, पट्टे बनवून बसवणारा तज्ज्ञ) कॅलिपरने, म्हणजे चिमट्यासारख्या मोजमापाच्या अवजाराने मोजतात. एका बाजूच्या चपटेपणासाठी मधल्या रेषेपासून ३० अंशांवरची दोन तिरकी मापं घेतात. एक १३.४ सेंमी आणि दुसरं १२.८ असेल तर फरक ६ मिमी, टक्क्यांत साडेचारच्या आसपास. साडेतीन टक्क्यांच्या आत सामान्य धरतात, पावणेनऊच्या वर तीव्र. अख्खी मागची बाजू सपाट असेल तर हे तिरके आकडे छान येतात आणि फसवतात, कारण दोन्ही बाजू सारख्याच चपट्या असतात. तिथे रुंदी भागिले लांबी गुणिले १०० करायचं. रुंदी ११.८ आणि लांबी १३ असेल तर ९१ च्या जवळ, म्हणजे डोकं बऱ्यापैकी रुंद.

मोजणारा माणूस आणि अवजार शक्यतो बदलू नका. एक-दोन मिलिमीटरचा फरक हाताचाच असतो, त्यावर आनंद किंवा दुःख करू नये.

कुंदकळी

वरून फोटो काढणार असाल तर कानही बघा. टेकून चपटं झालेलं डोकं वरून कललेल्या चौकोनासारखं दिसतं: मागे चपटी झालेल्या बाजूचा कान पुढे सरकलेला आणि त्याच बाजूचं कपाळ थोडं पुढे. कवटीचा मागचा सांधा वेळेआधी जुळल्यामुळे चपटं झालेलं असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे आणि खाली ओढलेला असतो आणि कानामागे उंचवटा दिसतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण त्यावर व्यायाम चालत नाहीत, शल्यचिकित्सक लागतो.

याशिवाय डॉक्टरांकडे लवकर जायची कारणं: कवटीच्या सांध्यावर हाताला लागणारी टणक कड, डोक्याचा घेर वाढायचा थांबणं, टाळू फुगलेली किंवा खूप लवकर भरलेली, जन्मतःच असलेला आणि जागा बदलूनही वाढतच जाणारा वाकडेपणा, एक हात किंवा पाय कमी हलणं, अंग फार कडक किंवा फार ढिलं. नुसत्या टेकण्याने आलेल्या चपटेपणामुळे मेंदूवर दाब येत नाही, ती भीती मनातून काढा.

नवी_पहाट

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हेल्मेट का नाही? आणि ती मधे खळगा असलेली उशी?

सव्यसाची

उशीचं आधी, कारण ते सोपं आहे: नाही. झोपेत बाळाच्या डोक्याखाली किंवा आजूबाजूला उशी हा गुदमरण्याचा धोका आहे. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२२मध्ये स्पष्टपणे दिला. शिवाय खळग्यात डोकं रुतलं की मान वळवणं आणखी अवघड. हाताने दाबून डोकं गोल करणं त्याच पंक्तीतलं.

हेल्मेट डोकं दाबत नाही. फुगीर बाजूला टेकून राहतं, चपट्या बाजूला पोकळी सोडतं आणि डोकं त्या पोकळीत वाढतं. दिवसाला २३ तास, काही महिने. म्हणजे त्यालाही वाढ लागतेच. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास सुरू केलेलं चांगलं चालतं, वर्षानंतर फारसं हाती लागत नाही. आणि ते मान सोडवत नाही. आखडलेल्या मानेवर नुसतं हेल्मेट म्हणजे गळक्या नळाखाली बादली.

मोजपट्टी

नेदरलँड्समधला २०१४चा अभ्यास सांगायला हवा. पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं, अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काही नाही. दोन वर्षांच्या वयाला पूर्ण बरे झालेले हेल्मेटमध्ये २६ टक्के, बिनहेल्मेटचे २३. फरक नाहीच म्हणा.

अनुस्वार

त्यात टॉर्टिकॉलिसची बाळं नव्हती आणि अति तीव्र चपटेपणाचीही. त्यामुळे 'हेल्मेट निरुपयोगी' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. 'मध्यम चपटेपणाला घाईने हेल्मेट नको' एवढाच निघतो. त्याच देशातला २००८चा दुसरा अभ्यास फिजिओथेरपीबद्दल आहे: एका बाजूला बघायची सवय असलेली ६५ बाळं, त्यांतल्या निम्म्यांना सातव्या आठवड्यापासून चार महिने फिजिओ. तीव्र चपटेपणाचा धोका सहा महिन्यांच्या वयाला ४६ टक्के आणि वर्षाला ५७ टक्के कमी. सातव्या आठवड्यापासून हे महत्त्वाचं. सातव्या महिन्यापासून नाही.

सव्यसाची

अनुमोदन. टॉर्टिकॉलिसचंही तेच. पहिल्या महिन्याच्या आत सुरू केलं तर दीडेक महिन्यात जवळजवळ सगळ्यांची मान पूर्ण वळते. महिना उलटून सुरू केलं तर साधारण सहा महिने, आणि सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ ते दहा महिने लागू शकतात, तरी काहींची पूर्ण सुटत नाही. 'बसायला लागलं की आपोआप होईल' हे डोक्याच्या आकाराबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. आखडलेल्या मानेबाबत ते भरवशाचं नाही.

रातकिडा

थांबायचं कधी? मान दोन्हीकडे सारखी वळायला लागली की बंद?

सव्यसाची

तेवढ्यावर नाही. दोन्ही बाजूंच्या वळण्यात ५ अंशांहून जास्त फरक नको, बाळाने स्वतःहून दोन्हीकडे सारखं बघायला हवं, बसलेलं असताना डोकं कलतं नको, आणि लोळणं, हात पुढे करणं, वजन घेणं दोन्ही बाजूंनी वयाला साजेसं हवं. एकाच कुशीवर लोळणारं बाळ बरं झालेलं नाही, मान कितीही वळो.

त्यानंतर ताण बंद, पण ३ ते १२ महिन्यांत किंवा चालायला लागल्यावर एकदा पुन्हा दाखवा. आजारपणात, दमल्यावर किंवा नवीन काही शिकताना, म्हणजे बसणं, उभं राहणं, मान थोडी जुन्या बाजूला कलते. एक-दोन आठवड्यांत गेली तर सोडून द्या. त्याहून जास्त राहिली तर उचलून घ्यायची ती पद्धत पुन्हा सुरू करा आणि फिजिओची वेळ घ्या.